अक्रम झातारी: दुसऱ्याने काढलेले फोटो दाखवणाऱ्याला छायाचित्रकार म्हणायचं का?

ओलीसुकी, नाशिक

नमस्कार मंडळी. आमच्या चित्रपट मंडळात दर महिन्याला एक सभासद एखाद्या दिग्दर्शकाबद्दल तासभर बोलतो आणि मग त्याचं काम दाखवतो. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. मी लेबनॉनच्या अक्रम झातारीचं नाव दिलं आहे.

नाव दिलं ते एका फिल्ममुळे. 'नकार देणाऱ्या वैमानिकाला पत्र' असं तिचं नाव मराठीत सांगता येईल. २०१३ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात लेबनॉनच्या दालनात ती पहिल्यांदा दाखवली गेली. मी खूप उशिरा पाहिली. त्यात शाळकरी मुलं कागदाची विमानं करून गच्चीवरून सोडतात. फार काही घडत नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता तयारीला बसले आहे तर वेगळाच पेच पडला. झातारीच्या नावाने जे फोटो जगभर दाखवले जातात त्यांतले कितीतरी त्याने काढलेलेच नाहीत. सैदा नावाच्या शहरातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्याने काढलेले आहेत. आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ सभासद सरळ म्हणाले, "मग याला छायाचित्रकार का म्हणायचं? संग्राहक म्हण." मला तिथे उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं आहे. इथे कुणी त्याचं काम प्रत्यक्ष पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. काय दाखवावं तेही सांगा.


लालबल्ब, शारजा

ओलीसुकी, कामावरून आल्या आल्या तुझा प्रश्न वाचला आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. आधी थोडं घरचं सांगतो, मग लेबनॉनला जाऊ.

माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवायचे. शाळेतून आलो की मी डार्करूममध्ये त्यांच्या शेजारी उभा राहून ट्रे हलवायचो. 'फोटो कुणी काढला' हा प्रश्न मला तेव्हापासून अपुरा वाटतो. बटण दाबायला किती वेळ लागतो? त्याआधी गिऱ्हाइकाची मान सरळ करायची, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायची. नंतर रोल धुवायचा, निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने रिटचिंग करायचं, पाकिटावर नंबर घालून कपाटात लावायची. आणि वीस वर्षांनी कुणी येऊन "आमच्या आईचा एखादा फोटो असेल का हो तुमच्याकडे?" म्हणालं की ते पाकीट शोधून काढायचं. हे सगळं मिळून एक फोटो होतो. झातारीने यातलं शेवटचं काम आयुष्यभर केलं आहे. तुमच्या ज्येष्ठ सभासदांना माझं हे म्हणणं जरूर सांग.

झातारी १९६६ सालचा, सैदाचाच. सैदा म्हणजे दक्षिण लेबनॉनमधलं समुद्रकाठचं पुरातन बंदर. त्याचं शिक्षण वास्तुकलेचं, बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात. पुढे न्यूयॉर्कला माध्यमांचा अभ्यास, मग परत येऊन बैरूतच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीवर नोकरी. वास्तुकला लक्षात ठेव, तिचा संबंध पुढे येणार आहे. १९९७ मध्ये फुआद एलखौरी आणि सामेर मोहदाद या दोन छायाचित्रकारांबरोबर त्याने 'अरब इमेज फाउंडेशन' ही संस्था सुरू केली. यादवी युद्ध संपून तेव्हा सातच वर्षं झाली होती. ही मंडळी लेबनॉन, सीरिया, इजिप्त, जॉर्डन अशी फिरून लोकांच्या घरातले, बंद पडलेल्या स्टुडिओंतले जुने फोटो गोळा करू लागली. आज त्या संग्रहात पाच लाखांहून जास्त फोटो आहेत.

त्या फिरण्यातच झातारीला आपल्याच गावातला तो जुना स्टुडिओवाला, हाशेम अल मदनी, नव्याने भेटला. मदनी १९२८ चा. त्याचे वडील मदिनेहून सैदाला आलेले, म्हणून आडनाव मदनी. तरुणपणी कामाच्या शोधात तो पॅलेस्टाइनला गेला आणि हैफात एका ज्यू छायाचित्रकाराच्या हाताखाली धंदा शिकला. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन होताना युद्ध पेटलं आणि तिथलं सगळं उधळलं तेव्हा सैदाला परतला, साधा डबा कॅमेरा घेतला आणि आईवडिलांच्या घरातच बैठकीच्या खोलीत लोकांचे फोटो काढू लागला. १९५३ मध्ये त्याने शेहराझाद सिनेमाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर स्टुडिओ थाटला. नावही तेच, स्टुडिओ शेहराझाद. खाली पिक्चर सुटला की लोक जिना चढून वर यायचे आणि नुकतंच पडद्यावर पाहिलेलं कॅमेऱ्यासमोर करून बघायचे. कुणी बंदूक घेऊन, कुणी पैलवानासारखे दंड फुगवून. कोडॅकच्या जाहिरातीतली पुठ्ठ्याची बाई स्टुडिओत उभी असायची, तिच्या कमरेत हात घालून कितीतरी पुरुषांनी फोटो काढले आहेत.

चुंबनाचे फोटो आहेत, ते मात्र दोन पुरुषांचे किंवा दोन मुलींचे. आज बघणाऱ्याला वाटतं, पन्नासच्या दशकातलं सैदा किती मोकळं होतं! मदनीने झातारीला सांगितलेलं कारण अगदी उलट आहे. पिक्चरमधलं चुंबन लोकांना करून बघायचं असायचं, पण बाई आणि पुरुषाने ते कॅमेऱ्यासमोर करणं त्या समाजात जवळजवळ अशक्य. मग मित्र मित्राचा हीरो व्हायचा, मैत्रीण मैत्रिणीची. ही माहिती झातारीने मदनीशेजारी बसून, वर्षानुवर्षं विचारून काढली नसती तर फोटो तसेच राहिले असते आणि आपण त्यांचा भलताच अर्थ लावला असता. संग्राहक म्हणा हवं तर, पण फोटोमागची गोष्ट माणूस जिवंत असेपर्यंतच विचारता येते. मदनी २०१७ मध्ये गेला.

आता एका निगेटिव्हबद्दल सांगतो. २०१९ च्या शेवटी झातारीचं मोठं प्रदर्शन इथे शारजात आलं होतं, बार्सिलोनाहून निघून जर्मनी आणि कोरिया करत. तेव्हापासून मी त्याचं मिळेल ते वाचत, बघत गेलो आणि त्यातच हा फोटो समोर आला. स्टुडिओत बसलेली एक तरुण बाई. चेहऱ्यावरून, अंगावरून पांढऱ्या रेघा. पहिल्यांदा मला वाटलं निगेटिव्ह खराब झाली असणार, आमच्याकडे पावसाळ्यात व्हायच्या तशी. पण या रेघा टाचणीने मारलेल्या आहेत. १९५७ साली ती बाई नवऱ्याला न सांगता स्टुडिओत आली होती. नवरा संशयी, तिला एकटीला घराबाहेर पडू द्यायचा नाही. त्याला कळल्यावर तो येऊन मदनीकडे निगेटिव्ह मागू लागला. मदनी देईना, कारण पस्तीस मिलिमीटरच्या एकाच रोलवर इतर गिऱ्हाइकांचेही फोटो होते. शेवटी तोडगा निघाला की मदनीने नवऱ्यादेखत तेवढ्या निगेटिव्ह टाचणीने ओरबाडायच्या. त्याने तसं केलं. काही वर्षांनी त्या बाईने छळाला कंटाळून स्वतःला जाळून घेतलं. आणि तोच नवरा परत मदनीकडे आला, त्या फोटोंच्या मोठ्या प्रती करून दे म्हणून. आपल्या नकळत तिने आणखी काही फोटो काढून घेतले असतील तर तेही हवे होते.

मी निगेटिव्ह हातात धरून मोठा झालो आहे. ओरखडा किती दाबून मारला हे मला त्याच्या कडेवरून कळतं. ते ओरखडे दाबून मारलेले आहेत.

झातारीने तो फोटो दुरुस्त केला नाही. आज संगणकावर अर्ध्या तासात रेघा पुसता आल्या असत्या. त्याने त्या ठेवल्या, मोठ्या केल्या, आणि शेजारी मदनीचं म्हणणं दिलं. त्या बाईवर काय गुदरलं याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा कुठला असेल?

फिल्मबद्दल उद्या लिहितो, सकाळी लवकर निघायचं आहे.


लालबल्ब, शारजा

वैमानिकाची गोष्ट. ६ जून १९८२ ला इस्रायलने लेबनॉनवर मोठी चढाई केली. झातारी तेव्हा सोळा वर्षांचा. घरातून समोरच्या टेकड्यांवर बॉम्ब पडताना दिसत होते आणि या पोराने कॅमेरा काढला. त्या दिवशी वेगवेगळ्या क्षणी टिपलेले धुराचे लोट त्याने पुढे अनेक वर्षांनी एकाच रुंद चौकटीत जोडले. सैदातला तो एक दिवस त्यात एका नजरेत दिसतो. म्हणजे स्वतः काढलेले फोटोही त्याच्याकडे आहेत, हे सभासदांना सांगायला विसरू नकोस.

त्याच सुमारास गावात एक बोलवा उठली. एका इस्रायली वैमानिकाला मुलांच्या सरकारी माध्यमिक शाळेवर बॉम्ब टाकायचा हुकूम होता. त्याने तो मानला नाही, बॉम्ब समुद्रात टाकून तो परत गेला. लोकांनी या गोष्टीत आपल्या मनाची भरही घातली: तो मूळचा सैदाच्या ज्यू घरातला, याच शाळेत शिकलेला, म्हणून त्याचा हात धजावला नाही. झातारीसाठी ही कुठलीशी शाळा नव्हती. त्याच्या वडिलांनी ती सुरू केली होती आणि वीस वर्षं चालवली होती.

वर्षं गेली. झातारीने हा किस्सा एका जाहीर वाचनात सांगितला, तो छापला गेला, आणि त्यातून समजलं की हा वैमानिक खरा आहे. हगाई तमीर त्याचं नाव. तो सैदाचा नव्हता, त्या शाळेत कधी गेलेला नव्हता. तो वास्तुकला शिकलेला होता! वरून इमारतीची ठेवण पाहून त्याने ओळखलं की ही शाळा असणार किंवा दवाखाना. शिकलेली नजर होती म्हणून ओळखलं, आणि ओळखल्यावर हात पुढे गेला नाही. मला गावकऱ्यांच्या गोष्टीपेक्षा ही खरी गोष्ट जास्त मोठी वाटते. ओळखीच्या माणसाला सगळेच वाचवतात.

शाळा मात्र वाचली नाही. नंतर दुसऱ्या वैमानिकाने बॉम्ब टाकलेच.

झातारीची फिल्म साधारण चौतीस मिनिटांची आहे. त्यात तमीर दिसत नाही, त्याची मुलाखत नाही. शाळेच्या भिंती, बाग, घरातले जुने फोटो, कागदाची विमानं. व्हेनिसमध्ये त्याने दुसरा एक छोटा पडदा मांडला होता, त्यावर १९८२ मधले स्फोट, आणि त्यासमोर थिएटरमधली एकच लाल खुर्ची, रिकामी. ती कुणासाठी, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तुमच्या मंडळात दाखवायला मी आणखी एक सुचवतो, 'या घरात', २००५ ची, अर्ध्या तासाची. सैदाच्या पूर्वेला ऐन अल मीर नावाचं गाव आहे. १९८५ मध्ये तिथलं एक ख्रिस्ती कुटुंब घर सोडून पळालं आणि अली हशीशो नावाचा, इस्रायलविरुद्ध लढणाऱ्या प्रतिकार दलातला एक तरुण त्याच्या साथीदारांसह त्या घरात सहा वर्षं राहिला. १९९१ मध्ये निघताना त्याने घरमालकांना एक पत्र लिहिलं, आम्ही इथे का राहिलो, तुमचं परत स्वागत आहे, असं. ते पत्र त्याने तोफगोळ्याच्या रिकाम्या नळकांड्यात घालून बागेत पुरलं. हशीशो पुढे पत्रकार झाला. झातारीला ही गोष्ट कळली आणि २००२ मध्ये तो कुदळ, माळी आणि कॅमेरा घेऊन त्या बागेत गेला.

अर्धा तास खणणंच आहे. घरचे लोक काळजीत, पोलीस आणि लष्करी गुप्तचर खात्याची माणसं येऊन उभी, कारण एका माजी लढवय्याने पुरलेलं काहीतरी बागेतून निघणार आहे. कुणालाही कॅमेऱ्यात यायचं नाही. म्हणून बरीचशी माणसं आवाजातूनच कळतात. माळी खणतोय, ढिगारा वाढतोय, आणि आपण खुर्चीच्या कडेला येऊन बसतो. पत्र निघतं का ते मी इथे लिहीत नाही, तू बघ.

आणि वेळ उरला तर 'उद्या सगळं ठीक होईल', २०१० ची. सगळी फिल्म एका टाइपरायटरवर चालते, दुरावलेले दोघे प्रेमिक अक्षरांतूनच बोलतात. नाशिकमध्ये तरुण मंडळी असतील तर त्यांना ती आवडेल.


मोगऱ्याची_वेल, पुणे

दोन्ही पोस्ट वाचल्या. लालबल्ब, तुम्ही फार जीव ओतून लिहिलं आहे, पण मला एक गोष्ट खटकते आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही.

ती बाई स्टुडिओत चोरून गेली. म्हणजे तो फोटो तिला फक्त स्वतःसाठी हवा होता. आधी नवऱ्याने तो ओरबाडायला लावला, मग ती मेल्यावर मोठा करून मागितला, आणि आता तोच फोटो परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांत टांगला जातो. तिला कुणीच विचारलं नाही. तिच्या दुःखाला पुरावा म्हणताना तुम्हाला काहीच वाटलं नाही का? माझ्या आजीचा एकच फोटो आहे, लग्नाआधीचा. तिने तो ट्रंकेत साडीच्या घडीत जपला होता आणि आम्हा नातींनाही हातात घेऊ द्यायची नाही. उद्या कुणी कलावंत येऊन म्हणाला की हा समाजाचा इतिहास आहे, तर मी त्याला घरात घेणार नाही.

फाउंडेशनने घराघरांतून अल्बम उचलून आणले असं तुम्हीच लिहिता. ते फोटो त्या त्या घरांचे होते.


लालबल्ब, शारजा

मोगरा, काही वाटलं नाही असं नाही. बरंच वाटलं, आणि तुमच्या प्रश्नाने ते परत वर आलं. तुमचं म्हणणं मला मान्य आहे, निदान निम्म्याहून जास्त. त्या बाईला कुणी विचारलं नाही, हे खरंच आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण हाच प्रश्न झातारीने स्वतःलाही विचारला आहे, हे सांगायला हवं. सुरुवातीला तोही घरोघरी जाऊन फोटो आणायचा. काही वर्षांनी त्याला जाणवलं की अल्बममधून फोटो काढला की अल्बम मोडतो, आणि ज्या खोलीत, ज्या कपाटात, ज्या माणसांच्या बोलण्यात तो फोटो जगत होता ते सगळं मागे राहतं. थंड कोठारात आम्लविरहित पाकिटात कागद टिकतो, पण त्यातली माया? मग त्याने स्वतःच्याच संस्थेत म्हणायला सुरुवात केली की फोटो परत द्यावेत, जिथून आणले त्या घरी, त्या अल्बममध्ये, त्या खोलीत. तसं परत ठेवणं हेच सगळ्यात खरं जतन, असं त्याचं म्हणणं. जी संस्था गोळा करण्यासाठी उभी राहिली तिच्या संस्थापकाने हे म्हणणं सोपं नाही. शारजाला आलेलं प्रदर्शन याच वादातून झालं होतं. त्याचं नावच होतं 'छायाचित्रणाविरुद्ध'.

त्या प्रदर्शनात एका भिंतीसमोर मी बराच वेळ थांबलो. निळसर, सायनोटाइप पद्धतीने केलेले ठसे होते. मूळ काचेच्या प्लेटा जेरुसलेमच्या. काही खलील राद या अरब छायाचित्रकाराच्या, काही याकोव बेन दोव या ज्यू छायाचित्रकाराच्या. दोघे एकाच शहरात राहून एकाच काळात फोटो काढत होते, पण एकाने पाहिलेलं जेरुसलेम दुसऱ्याच्या फोटोत नाही. पुढे दोघांच्या प्लेटा एका संग्राहकाकडे आल्या आणि कितीतरी वर्षं एकमेकींना चिकटून पडून राहिल्या. ओलाव्याने एकीवरचं चित्र दुसरीवर झिरपलं. झातारीने त्या प्लेटा धुऊन पुसून वेगळ्या करत बसण्याऐवजी तशाच छापल्या. आता एकाच्या माणसांतून दुसऱ्याचं शहर दिसतं.

चिकटलेल्या निगेटिव्ह मी पाहिल्या आहेत. आमच्या गावी पाऊस जून ते सप्टेंबर थांबायचा नाही. वडील कपाटात चुन्याचे खडे फडक्यात बांधून ठेवायचे, तरी दरवर्षी पाचपन्नास पाकिटं जायची. वडील ती टाकायचे नाहीत. "माणसं आहेत त्यात," म्हणायचे.

आणि आता मला सांगायचं आहे ते सांगतो. वडील गेले तेव्हा मी इथे नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. पंधरा दिवसांच्या रजेत स्टुडिओची जागा रिकामी करून मालकाला द्यायची होती. एक माणूस आला, जुन्या निगेटिव्हमधून चांदी काढतात, वजनावर घेतो म्हणाला. मी चार पोती भरून दिली. तीस-पस्तीस वर्षांतली गावातली लग्नं, बारशी, दहावीचे फॉर्म भरताना काढलेले फोटो, मेलेल्या माणसांना खुर्चीत बसवून काढलेले शेवटचे फोटो. त्या माणसाने ते ॲसिडच्या पिंपात घातले असणार. त्यानंतर कितीतरी वेळा गावाहून फोन आले, भावाचा फोटो हवा होता, आजीचा हवा होता. मी नाही म्हणून सांगतो आणि फोन ठेवतो.

म्हणून मोगरा, झातारीने फोटो घरातून बाहेर नेले याचा दोष मी त्याला देऊ शकत नाही. ते कुठेतरी आहेत. मागायला येणाऱ्याला दाखवता येतात. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरात स्फोट झाला तेव्हा फाउंडेशनच्या जागेच्या काचा, दारं, छत सगळं उडालं होतं. तिथल्या माणसांनी आपल्या जखमा बांधून आधी संग्रह सावरला. मी त्या दिवशी इथे बसून बातम्या बघत होतो आणि मला सारखी ती चार पोती दिसत होती.


माजी_सैनिक, सांगली

नमस्कार. मी कलेतलं फार जाणत नाही, पण गावांची नावं वाचून थांबलो. मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण लेबनॉनला होतो. १९९८ पासून आपली बटालियन तिथे आहे. आमचा तळ इब्ल अल साकीला होता, वर हरमोनचा डोंगर, हिवाळ्यात पांढरा. ऑलिव्हच्या बागा सगळीकडे.

घरात गेलं की आधी कॉफी, आणि मग भिंतीवरचे फोटो दाखवायचे. हा माझा मुलगा, हा भाऊ, हा १९८२ ला गेला. प्रत्येक घरात एक तरी असा फोटो. एका म्हाताऱ्या बाईने मला हाताला धरून भिंतीजवळ नेलं होतं. तिला हिंदी येत नव्हती, मला अरबी जेमतेम. ती बोटाने एकेक चेहरा दाखवत गेली आणि मी मान हलवत गेलो. मुलगा माझ्याच वयाचा होता.

हब्बारिया हे गाव आमच्याच भागात येतं. तिथे या झातारीने फिल्म केली आहे असं पूर्वी एका अधिकाऱ्याने सांगितलं होतं. कुणाला माहीत असेल तर लिहावं.


लालबल्ब, शारजा

साहेब, तुमचं वाचून बरं वाटलं. हो, ती 'स्थिरचित्र', २००८ ची, दहा-अकरा मिनिटांची. पहाटेची वेळ, गॅसबत्तीच्या उजेडात दोन माणसं. एक जाकीट शिवतोय, दुसरा स्फोटकं बांधतोय. कुणी काही बोलत नाही. अजान होते, उजाडतं, आणि त्यातला एक निघून जातो. दोघांतला एक तोच अली हशीशो, पत्र पुरणारा. तुम्हाला त्यातले डोंगर ओळखू येतील.

ओलीसुकी, ही पण घे. वेळ फार लागणार नाही.


ओलीसुकी, नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आता असं ठरवलं आहे: आधी 'या घरात', मग चहा, मग 'नकार देणाऱ्या वैमानिकाला पत्र'. माजी सैनिक काका, 'स्थिरचित्र'ची प्रत मिळाली तर मी तुम्हाला कळवते. ओरबाडलेला फोटो मी पडद्यावर दाखवणार नाही, त्याबद्दल फक्त बोलणार आहे. मोगराताई, तुमचा प्रश्नही तिथे मांडीन. आमच्या ज्येष्ठ सभासदांना 'फोटो परत देण्या'चं सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प बसले, आणि मग म्हणाले की त्यांच्याकडे त्यांच्या मामांच्या स्टुडिओतलं एक खोकं आहे, माळ्यावर.

लालबल्ब दादा, एक विचारू का? चार पोत्यांतलं काहीच उरलं नाही?


लालबल्ब, शारजा

त्यांना सांग, खोकं पावसाळ्याआधी खाली काढा. काचा असतील तर आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, मध्ये कागद घाला. फडक्याने पुसायला जाऊ नका.

माझ्याकडे एक पाकीट उरलं आहे. वडिलांच्या टेबलाच्या खणात मागे अडकलं होतं, ते पोत्यात गेलं नाही. आत एकच निगेटिव्ह, नऊवारीतली एक तरुण बाई, मांडीवर तान्हं मूल. मूल हललं आहे, त्याचा चेहरा नुसता पांढरा पट्टा. पाकिटावर वडिलांच्या अक्षरात आडनाव आहे, वाडीचं नाव आहे, आणि खाली लिहिलंय: 'पोस्टकार्ड २, कॅबिनेट १. बाकी ३ रु.'

ती वाडी आमच्या गावापासून सात किलोमीटर. दिवाळीत जाणार आहे, तेव्हा पाकीट घेऊन जातो.